कोलशेतच्या भिंतीआड धावपट्टी नाही : वैमानिक पुढे कंपनी कशी चालवतो?

कोलशेत रोडला राहणाऱ्याला हवाई दल म्हणजे एक लांबलचक भिंत. वर काटेरी तार, मधूनमधून 'फोटो काढू नये'च्या पाट्या, गेटवर बंदूक घेतलेला जवान. रिक्षावाल्याला नुसतं 'एअरफोर्स' म्हटलं की तो बरोबर सोडतो. येऊरच्या डोंगरावरही त्यांचा एक तळ आहे, त्यामुळे ठाणेकराला हवाई दल नवं नाही. तरी आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथे विमानं उतरतात का हो? फार आवाज येतो का?" नाही येत. आत धावपट्टीच नाही. हे सांगितलं की माणसं जरा फसवल्यासारखी बघतात. हवाई दल आहे आणि धावपट्टी नाही?

हवाई दलाचं बरंचसं काम जमिनीवरच चालतं. उडणाऱ्या माणसाचंही निम्मं आयुष्य जमिनीवरच जातं, हे मात्र माझ्याही नीट लक्षात आलं ते शेजारच्या सानिकामुळे. ती सध्या ॲफकॅटचा अभ्यास करतेय. हवाई दलात अधिकारी व्हायची ही प्रवेश परीक्षा, वर्षातून दोनदा होते. एका संध्याकाळी गच्चीवर पापड काढायला आली होती, ती सामान्यज्ञानाचं पुस्तक हातात घेऊनच.

"काका, एक कळत नाही. माणूस आयुष्यभर विमान उडवतो, निवृत्त होतो आणि त्याला विमान कंपनीचा अध्यक्ष करतात, राजदूत करतात, नाहीतर थेट राज्यपाल. उडवता येतं म्हणजे चालवता येतं असं असतं का? मग टीएमटीच्या, आपल्या ठाण्याच्या बसच्या ड्रायव्हरलाच परिवहन व्यवस्थापक करून टाका की!"

प्रश्न तिने चेष्टेत विचारला, पण चोख होता. टीएमटीचाच धागा धरून उत्तर द्यायचं तर असं म्हणावं लागेल, की ज्याला आपण ड्रायव्हर समजतोय त्याने स्टिअरिंग कधीच सोडलेलं असतं. मधली वीस वर्षं तो आगार सांभाळत असतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. बातम्यांत 'हवाई दलाचे जनरल' असं वाचलं की तो बहुधा अमेरिकेचा किंवा तसल्या दुसऱ्या एखाद्या देशाचा अधिकारी असतो. तिथे भूदल आणि हवाई दल दोघांचेही हुद्दे सारखेच. आपण ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सकडून हुद्दे घेतले, आणि त्यांनी १९१९ मध्ये भूदलापासून वेगळं दिसण्यासाठी खास नावं काढली होती. आपल्याकडे सुरुवात फ्लाइंग ऑफिसरपासून होते. मग फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, आणि टोकाला एअर चीफ मार्शल, म्हणजे हवाई दलप्रमुख. भूदलाच्या जनरलच्या बरोबरीचा हा माणूस. त्याच्याही वरचा 'मार्शल ऑफ द एअर फोर्स' हा मान आजवर एकट्या अर्जन सिंग यांना मिळाला, २००२ मध्ये.

या नावांवर फार विसंबू नका. स्क्वाड्रन लीडर हा आज स्क्वाड्रनचा प्रमुख नसतो. ते काम विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन करतो. नावं शंभर वर्षांपूर्वीची आणि कामं आजची, त्यामुळे हा गोंधळ. आपल्या माणसांचं विचाराल तर मुळगावकर, टिपणीस, नाईक, चौधरी अशी मराठी आडनावं दलप्रमुखांच्या यादीत आहेत. सानिकाच्या पुस्तकात ती चौकटीत छापली आहेत, बहुतेक परीक्षेला येतात.

आता चढण कशी असते ते बघू. पहिली दहा-बारा वर्षं वैमानिक भरपूर उडतो. मग त्याच्याकडे स्क्वाड्रन येते. लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये साधारण सोळा-अठरा विमानं. आपल्याला वाटतं, याचं काम सगळ्यात पुढे उडायचं. तेही असतंच, पण सकाळी त्याच्या टेबलावर काय काय येऊन पडतं ते बघा. आज किती विमानं उडायच्या लायकीची आहेत. कुणाचे टायर संपत आलेत. कुठला सुटा भाग अजून आलेला नाही. दोघांचे रजेचे अर्ज. एका जवानाच्या क्वार्टरचं छत गळतंय. नव्या पोराचा रात्रीच्या उड्डाणाचा सराव मागे पडलाय, आणि त्याला ते त्याच्या मित्रांसमोर सांगायचं नाही. थोडक्यात आगार व्यवस्थापक. फक्त गाड्या अंमळ महाग.

त्याच्या पुढे अख्खा तळ हातात येतो आणि मग तो माणूस चक्क एका छोट्या नगरपालिकेचा मुख्याधिकारी होतो. शाळा, दवाखाना, कॅन्टीन, पाणी, वीज, भटकी कुत्री. आणि पक्षी. पक्षी हा विमानतळाचा खरा शत्रू. घार इंजिनात गेली तर विमान पडू शकतं. घारी येतात कचऱ्यावर आणि मटणाच्या दुकानांमागच्या घाणीवर, म्हणून विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला आपल्या विमान नियमांत बंदी आहे. नवी मुंबईचा विमानतळ उभा राहत असताना पाणथळी आणि फ्लेमिंगोंवरून केवढी चर्चा झाली, ती उलव्या-नेरुळकरांना आठवत असेल. तर सांगायचा मुद्दा, तळाच्या भिंतीबाहेरचा उकिरडा हलवायचा असेल तर तळप्रमुखाला हुकूम सोडता येत नाही. भिंतीच्या आत त्याचा शब्द कायदा आणि भिंतीबाहेर तो एक अर्जदार. त्याला महापालिकेला पत्र लिहावं लागतं, नगरसेवकाला भेटावं लागतं, दुकानदाराशी गोड बोलावं लागतं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच पत्र लिहावं लागतं. निवृत्तीनंतर जे करायचं असतं त्याची शिकवणी इथेच सुरू झालेली असते.

आणखी वर गेलं की कमांड, म्हणजे अनेक तळांवरचं विभागीय मुख्यालय, आणि दिल्लीचं मुख्यालय. तिथे प्रश्न पैशांचे आणि वर्षांचे. दहा वर्षांनी कुठलं विमान लागेल, ते विकत घ्यायचं की इथे बांधायचं, सुटे भाग कोण देणार. उडणं आता हौसेपुरतं.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात बघायचं असेल तर मी एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांच्याकडे बघेन. १९७१ च्या युद्धाचं नाव काढलं की माणेकशा सगळ्यांना आठवतात, नौदलाचे नंदा काहींना. लाल यांचं नाव पटकन कुणाच्या तोंडी येत नाही, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

सतराव्या वर्षी हौसेने विमान उडवायला शिकले. लंडनला शिकायला गेले, बॅरिस्टर व्हायचं मनात होतं. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि बॅरिस्टरी राहिली. हवाई दलात घेतलं ते मात्र वैमानिक म्हणून लढायला नव्हे. दिशादर्शनाचं, म्हणजे नकाशा, वारा आणि वेळ यांचं गणित मांडून विमान नेमकं नेण्याचं शिक्षण देणारी माणसं कमी होती, तिथे त्यांना लावलं. पोरांना शिकवत बसायचं काम. लढाईची संधी नंतर मिळाली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सात नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व त्यांनी केलं, आणि १९४५ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही वीराच्या चरित्रात शोभेल. पुढचं वळण वेगळं आहे. १९५७ मध्ये सरकारने त्यांना गणवेशातून काढून इंडियन एअरलाइन्सचं जनरल मॅनेजर केलं. याला प्रतिनियुक्ती म्हणतात. नोकरी मूळ खात्यातच राहते, काम दुसरीकडे करायचं. शाळामास्तरला निवडणुकीच्या कामाला लावतात तसं, फक्त दोन दिवसांऐवजी चार-पाच वर्षं.

इंडियन एअरलाइन्स तेव्हा काय होती? १९५३ च्या कायद्याने देशातल्या आठ खासगी विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. परदेशी मार्ग एअर इंडियाकडे गेले आणि देशातली वाहतूक या नव्या महामंडळाकडे आली. आठ कंपन्या म्हणजे आठ पगारश्रेण्या, आठ प्रकारच्या सवयी, आणि 'आमच्याकडे असं नव्हतं' म्हणणारे आठ गट. दोन शाखांचं विलीनीकरण झालेल्या बँकेत ज्याने काम केलंय त्याला हे सांगायला नको. त्यात विमानं बहुतेक महायुद्धातून उरलेली डाकोटा. लाल आले त्याच वर्षी व्हायकाउंट ही नवी टर्बाइन इंजिनाची विमानं आली. जुन्या मेकॅनिकच्या हातांना नवं इंजिन शिकवायचं, वेळापत्रक बसवायचं, तिकिटाचे पैसे आणि पेट्रोलचा खर्च यांचा मेळ घालायचा. लढाऊ स्क्वाड्रनला तोटा नावाची गोष्ट माहीत नसते. तिला दिलेलं काम झालं की झालं. इथे विमान वेळेवर, सुखरूप पोहोचूनही कंपनी तोट्यात जाऊ शकते.

१९६२ मध्ये ते हवाई दलात परतायच्या वेळी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि त्यांची सेवाच संपवली गेली. पंचेचाळिशीच्या आसपासचा, युद्धात पदक मिळवलेला अधिकारी घरी बसला. हे कसं होऊ शकतं, असं सानिकाने विचारलं. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाला काढायचं असेल तर राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाप्रमाणे चौकशी करावी लागते, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सैन्यातल्या माणसाला हे संरक्षण नाही. ३१० व्या कलमाप्रमाणे तो राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत नोकरीत असतो, आणि राष्ट्रपतींची मर्जी म्हणजे व्यवहारात सरकारची. कारण उघड आहे, बंदूक हातात असलेल्या माणसावर निवडून आलेल्या सरकारचा ताबा पक्का हवा. पण त्याची किंमत कधीकधी एखाद्या सरळ माणसाला मोजावी लागते.

मग त्याच शरद ऋतूत चीनने हल्ला केला. मेनन यांना जावं लागलं, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला म्हणतात ते याच वेळी. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. मेनन गेल्यावर लाल सेवेत परत आले. १९६५ च्या युद्धात ते हवाई दलाचे उपप्रमुख होते. प्रमुख अर्जन सिंग.

१९६६ ला पुन्हा नागरी खुर्ची. या वेळी हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे विमानं बांधणारा सरकारी कारखाना. मुख्य कारखाना बंगळुरूचा. आपल्या नाशिकजवळच्या ओझरचा मिगचा कारखानाही याच कंपनीचा. लाल तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले. तीन वर्षांनी, १६ जुलै १९६९ ला, ते हवाई दलप्रमुख झाले. म्हणजे काल ज्या कारखान्यातून माल पाठवत होते, आज त्याच मालाचं गिऱ्हाईक. दुकानदार गिऱ्हाईक झाला की त्याला फसवणं अवघड. विमान वेळेवर का येत नाही, सुटा भाग कुठे अडतो, 'पुढच्या महिन्यात देतो' याचा अर्थ किती महिने, हे सगळं त्यांना आतून ठाऊक होतं. १९७१ मध्ये पाकिस्तानच्या सेबर विमानांना भारी पडलेली छोटी नॅट, पश्चिमेकडे लढलेलं मारुत आणि मिग-२१, तिन्ही विमानं या कंपनीत बांधली जात होती.

युद्धाआधी त्यांनी एक गोष्ट केली, ती दिसायला अगदी कारकुनी. १९६५ ला भूदल आणि हवाई दल यांच्या योजना एकमेकांना धड माहीत नव्हत्या. सैनिकांना विमानांची मदत लागायची तेव्हा निरोप फिरत फिरत जायचा, आणि विमान येईपर्यंत लढाई पुढे सरकलेली असायची. लाल यांनी भूदलाच्या कमांडजवळ हवाई दलाची पुढची मुख्यालयं बसवली, आणि त्याखाली कोअर, म्हणजे कमांडच्या खालच्या मोठ्या सैन्यगटाच्या पातळीवर हवाई दलाची समन्वय केंद्रं. मदत मागणारा आणि देणारा शेजारी बसले. शिवाय कामांचा क्रम लावून दिला. आधी आपले तळ आणि आपलं आकाश सांभाळायचं, त्यानंतर भूदलाला आणि नौदलाला मदत. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या पश्चिमेकडच्या तळांवर हल्ले केले, पण विमानं आधीच विखरून, झाकून ठेवलेली होती, फारसं नुकसान झालं नाही. पूर्वेकडे चार-पाच दिवसांत ढाक्याची धावपट्टी निकामी झाली आणि तिथलं पाकिस्तानी हवाई दल जमिनीला खिळलं.

१४ डिसेंबरची हकीगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरची बैठक भरणार असल्याची खबर मिळाली. गुवाहाटीहून मिग-२१ निघायची होती, पण ढाक्याचा लष्करी नकाशा हाताशी नव्हता. होता तो पर्यटकांचा, हॉटेलं आणि बागा दाखवणारा. तो मांडीवर ठेवून वैमानिकांनी शहरावर नेमकी इमारत शोधली आणि रॉकेटं सोडली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. दोन दिवसांनी शरणागती.

१९७३ च्या जानेवारीत लाल निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी पुन्हा इंडियन एअरलाइन्समध्ये, आता अध्यक्ष म्हणून. सानिकाच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. त्यांना विमान उडवता येत होतं म्हणून बोलावलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी तीच कंपनी चालवली होती, विमानांचा कारखाना चालवला होता आणि मधे एक युद्धही.

तरी गंमत बघा, इतका अनुभवी माणूसही तिथे भिंतीच्या बाहेरच होता. कर्मचारी संघटनांशी कामाच्या पाळ्यांवरून आणि शिस्तीवरून वाद पेटला आणि नोव्हेंबरात कंपनीने टाळेबंदी जाहीर केली. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक करतो, हा फरक वागळे इस्टेटच्या आसपास वाढलेल्या कुणालाही पाठ असतो. आमच्या लहानपणी रोड नंबर सोळावरून जाताना गेटला लावलेली नोटीस आणि समोर चहाच्या टपरीवर बसलेली माणसं, हे चित्र नेहमीचं. पण ते खासगी कारखाने. सरकारी विमान कंपनीला टाळं म्हणजे अख्ख्या देशाची हवाई वाहतूक लंगडी. त्यात त्याच सुमारास अरब देशांनी तेल रोखलेलं, इंधनाचे भाव भडकलेले.

लाल यांचा हा निर्णय बरोबर की चूक, यावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो. शिस्त लागली नसती तर कंपनी आणखी खाली गेली असती. पण हवाई दलात जवानाला संघटना करायचा हक्कच नसतो. कायद्यानेच नाही. लोडर, मेकॅनिक, तिकीट खिडकीवरची मुलगी, यांच्या संघटना असतात, त्यांचे पुढारी असतात आणि ते दिल्लीत मंत्र्याला थेट भेटू शकतात. आयुष्यभर 'हो सर' ऐकलेल्या कानांना तिथला 'का?' खटकला असणार, असं मला आपलं वाटतं. उकिरड्यासाठी तिसरं पत्र लिहिताना जो धीर लागतो, तो इथे पावलोपावली लागतो.

त्यांच्या आधीचे एक प्रमुख, ॲस्पी इंजिनीअर, निवृत्तीनंतर इराणमध्ये राजदूत झाले. त्यांची लोकांना आठवण आहे ती वेगळ्याच कारणाने. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडण्यासाठी बक्षीस लावलं. सतरा वर्षांचा ॲस्पी तिकडून इकडे येत होता, जेआरडी टाटा इकडून तिकडे जात होते. इजिप्तमध्ये दोघं भेटले. ॲस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला दिला आणि काही तासांच्या फरकाने शर्यत हरले. अर्जन सिंग स्वित्झर्लंडला राजदूत, केनियात उच्चायुक्त आणि पुढे वर्षभर दिल्लीचे नायब राज्यपाल होते. राजदूताचं काम सेनानीला तसं मानवतं. शिष्टाचार आणि हुद्द्याचा मान दोन्हीकडे सारखे.

राज्यपालाचं तसं नाही, आणि त्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९८२ ते १९८५ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मूळचे हैदराबादचे. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या मोहिमेत उडाले. १९७८ ते १९८१ दलप्रमुख, जग्वार विमानं हवाई दलात आली ती त्यांच्या काळात. निवृत्तीच्या तोंडावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाऊ शकणाऱ्या मिग-२५ मध्ये बसून एक चक्कर मारून आले. आणि काही महिन्यांत मलबार हिलच्या राजभवनात. ते घर त्यांना नवं नव्हतं. त्यांचे सासरे अली यावर जंग यांनीही सत्तरच्या दशकात महाराष्ट्राचं राज्यपालपद भूषवलं होतं.

आता राज्यपालाकडे काय असतं? घरात एखादा सरकारी जीआर असेल तर काढून बघा. अगदी तळाशी छापलेलं असतं, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. शिक्षकांच्या बदल्या असोत की धरणाचा खर्च, सगळं राज्यपालांच्या आदेशानुसार. प्रत्यक्षात राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. घटनेच्या १६६ व्या कलमाप्रमाणे कारभार त्यांच्या नावाने चालतो आणि १६३ व्या कलमाप्रमाणे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. काही मोजक्या बाबी सोडल्या तर 'सल्ला' याचा अर्थ 'निर्णय' असा वाचायचा. म्हणजे आयुष्यभर आपल्या शब्दावर विमानं उडालेली पाहिलेल्या माणसाच्या नावाने आता हजारो आदेश निघतात, आणि त्यातला जवळपास एकही त्याचा नसतो.

लतीफ यांची ती तीन वर्षं काही निवांत नव्हती. बाबासाहेब भोसले जाऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. गिरणी संप चालू होता. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं. १ ऑक्टोबर १९८२ ला आमची ठाणे महानगरपालिका जन्माला आली. आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासई आणि नवघरच्या बाजूला, सिडकोसाठी कवडीमोलाने जाणाऱ्या जमिनींविरुद्ध दि. बा. पाटील यांच्यामागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली. ज्यांच्या घरात ती प्लॉटची फाइल अजून कपाटात आहे अशी कुटुंबं उलवे, पनवेल, उरणमध्ये गल्लोगल्ली भेटतात. त्या काळच्या सरकारी कागदांच्या तळाशीही तेच वाक्य, राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच पट्ट्यातल्या नव्या विमानतळावर पहिल्यांदा विमान उतरलं तेही हवाई दलाचंच, सी-२९५ जातीचं मालवाहू. प्रवासी विमानं सुरू व्हायला पुढे आणखी वर्ष गेलं.

'राज्यपाल' हा एकच शब्द किती वेगळा असू शकतो, ते फाळणीने दाखवलं. लतीफ यांच्यासोबत ब्रिटिशांच्या काळात नोकरी केलेले दोन मित्र, असगर खान आणि नूर खान, १९४७ मध्ये पाकिस्तानात गेले. त्यांनी लतीफ यांनाही बोलावलं, पण ते इथेच राहिले. दोघेही मित्र पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले आणि दोघांनीही तिथली सरकारी विमान कंपनी पीआयए चालवली. पैकी नूर खान १९६९ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे राज्यपाल झाले, लष्करी कायदा लागू असताना, शिवाय उप-मार्शल लॉ प्रशासक म्हणून. त्यांच्या कागदावरच्या 'आदेशानुसार'चा अर्थ आदेशानुसार असाच होता. वर विधानसभा नाही, खाली मंत्रिमंडळ नाही. माझ्या मते निवृत्त सेनापतीला नागरी पद द्यावं की नाही या वादात खरी कसोटी ही आहे, की त्या पदावर त्याला 'नाही' म्हणणारं कुणी आहे का. लाल यांना संघटना होत्या, लतीफ यांना मंत्रिमंडळ.

नूर खान हा माणूस मात्र गमतीचा. १९७८ मध्ये पीआयएचे अध्यक्ष असताना अपहरण झालेल्या विमानात स्वतः चढले, अपहरणकर्त्याशी झटापट केली आणि गोळी खाल्ली. हॉकी संघटना चालवली, चॅम्पियन्स ट्रॉफीची कल्पना त्यांची. मग पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळावर आले, आणि तिथे त्यांची गाठ पडली आपल्या नागपूरच्या एन. के. पी. साळवे यांच्याशी. साळवे तेव्हा भारतीय मंडळाचे अध्यक्ष. विश्वचषक इंग्लंडबाहेर आणायचा, हे दोघांनी मिळून मनावर घेतलं आणि १९८७ चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला.

हे ऐकल्यावर सानिकाचे आजोबा, जे इतका वेळ गच्चीच्या कोपऱ्यात पेपर घेऊन बसले होते, त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "वानखेडेला होतो मी. सेमीफायनल. त्या गूचने झाडू मारावा तसे स्वीप मारले दिवसभर. एकशे पंधरा. नूर खानाला म्हणावं, आणलास कशाला!"

सानिकाने पापडाचं ताट उचललं आणि खाली जाता जाता विचारलं, फॉर्ममध्ये फ्लाइंगसोबत ग्राउंड ड्युटीलाही टिक करू का म्हणून. कर म्हटलं.